हेनीच्या हातचं

३ मार्च
आलो बाबा एकदाचा. चाळीस वर्षं वूस्टरला रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आणि पोरं घरी बसा म्हणायला लागली तेव्हा थेट अणुवीज केंद्राचं बोलावणं! इथली सुरक्षेची इलेक्ट्रॉनिक कार्डं माझ्याच पिढीची. अणुभट्टीतलं पाणी घटलं की ती विझवायचा हुकूम हीच देतात. बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलं, नवी मिळत नाहीत. म्हातारीला म्हातारा वैद्य! तपासनीस लेटीनं खिमा भरलेला गरम तळलेला पाव दिला. पोर गोड आहे, एव्हर्टकाका म्हणते. घरी बायकोला, सॅनाला, फोन करून सगळं सांगितलं.

६ मार्च
माझ्याआधी इथे हेनी होता. गेल्या वर्षी वारला. कुठलंही कार्ड उघडा, त्याचे सोल्डरचे सांधे मोती ओवल्यासारखे. लेटी दिवसभर त्याचेच गोडवे गाते. मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणून सोडून दिलं. पण पोटात दुखलं. वहीत खोटं कशाला लिहू?

११ मार्च
आज पाप केलं. धडधाकट सांध्याला हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. मी हेनीचे बारा सांधे वितळवून माझे घातले. लेटीनं कार्ड भिंगाखाली धरलं नि म्हणाली, "हेनीकाकांच्या हाताला तोड नाही." हे माझं काम आहे, असं सांगितलं. ती नुसती हसली.

१४ मार्च
काम करताना अंगठा आपोआप आत वळतो. मी असा कधी धरत नसे. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "या हेनीकाका." चष्मा बदल, म्हटलं. तर म्हणतो, "माझा ठीक आहे. तुम्ही आरसा बघितलात का?"

१८ मार्च
एक सांधा मुद्दाम बिघडवला. ओबडधोबड, लोळागोळा — पण माझा. ऐन वेळी हे कार्ड मुकं राहिलं तर? — तरी केला. लेटी पकडेल, झापेल. माझं नाव घेऊन झापेल. तेवढंच हवं.

१९ मार्च
पकडलं. रागावली नाही. डोळे पुसत म्हणाली, "शेवटी शेवटी तुमचा हात असाच थरथरायचा, हेनीकाका."
शेवटी? — मी तर आत्ताच आलो —

२० मार्च
सॅनाला फोन लावला. अगं मी, म्हटलं. ती परक्याशी बोलतात तशी — कोण हवंय?
एव्हर्ट बोलतोय —
म्हणाली, "काहीतरीच काय? एव्हर्ट इथं माझ्यासमोर चहा पितोय."
मागून खोकला. माझाच खोकला. कोणाचा फोन गं, म्हणाला — माझ्या खुर्चीतून — आणि ती हसली, माझ्याशी हसते तशी —
"तुमचं नाव काय म्हणालात?"
मी तोंड उघडलं. सांगितलं, मी हेनी —