चौथी मूठ

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून तुला कागदच हवा. घे मग. अक्षर वाईट आलंय, तेवढं चालवून घे.

आमच्या राक्षस-शिकाऱ्यांच्या कार्टून मालिकेचा सातवा भाग चालू आहे. विहिरीत बुळबुळीत राक्षस, वर दोरी धरलेले चार शिकारी आणि दोरीला लोंबकळणारा पाचवा. दोरी सुटते. कुणी सोडली, हे प्रेक्षकांना पुढच्या भागापर्यंत कळू द्यायचं नाही. असा प्रसंग आम्ही आधी स्वतः करून बघतो, त्याचं चित्रण करतो आणि मग ते थांबवत थांबवत त्यावरून चित्रं काढतो. परवा जिन्यात आमचा लंबू कठड्यापलीकडे उभा राहून दोरीच्या आधाराने बाहेर झुकला. खाली गाद्या होत्या. वर दोरी धरायला आमचे प्रमुख, रंगवाली ताई, आवाजवाला आणि मी. दोरी सुटली, लंबू गाद्या सोडून फरशीवर पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्याच हाताने तो चित्रं काढतो.

लंबूचाच पाय घसरला, असं प्रमुखांनी मालकांना सांगून टाकलं. म्हणजे दवाखाना त्याचा त्याने बघायचा आणि त्याच्या टेबलाशी महिनाअखेर दुसरा कुणीतरी बसणार.

किळस येते ती याच्या पुढची. पडतानाची त्याची किंकाळी चित्रणात आली होती. आवाजवाल्याने ती धुऊनपुसून लख्ख केली आणि काल सगळ्यांनी केक खाता खाता ती पुन्हा पुन्हा ऐकली. अशी किंकाळी पैसे मोजूनही मिळत नाही, असं रंगवाली ताई बोटाचं क्रीम चाटत म्हणाली. राक्षसाची लाळ कशी ओघळते ते बघायला आम्ही शाम्पूत खळ कालवून ठेवली आहे. तिच्यात कोपरापर्यंत हात घालताना मला कधी काही वाटलं नाही. तो केक मात्र घशाखाली उतरेना.

तो प्रसंग काढायचं काम माझ्याकडे आलंय. तू शिकवलंस तसे आधी हात काढायला घेतले, तोंडं नंतर. चित्रण तसूतसूने पुढे सरकवलं. लंबूचा पाय जागच्या जागी आहे आणि वर तीन हात एकदम उघडतात. चुकून निसटलेले हात असे ठरवल्यासारखे उघडत नाहीत गं.

काकांना नमस्कार. माझ्यावर आहे ती माया तशीच असू दे.

तुझी,
किंतू


८ मार्च

चि. किंतूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. राक्षस दिसतो कसा, असं ते विचारत होते. मी म्हटलं, केक खातो, एवढं कळलंय.

आता कामाचं. दोरी चौघांनी धरली होती. तीन हात उघडले म्हणतेस. चौथ्याचं काय झालं, हे अख्ख्या पत्रात कुठे नाही. तुझी ही खोड मला जुनीच माहीत आहे. कुसळ जिथे रुतलंय तेवढीच जागा सोडून बाकी सगळं अंग दाखवायचं. आणि अक्षराला काय झालं? तापाने फणफणली होतीस तेव्हासुद्धा मी आखायला दिलेली तुझी रेघ वाकडी गेली नव्हती.

जे असेल ते लिही. इथे तुला रागावणारी मी एकटीच आहे, आणि माझा राग चहा होईपर्यंतच टिकतो.

जेवत जा. आमचे आशीर्वाद सांगून संपणारे नाहीत, म्हणून सांगत नाही.

तुझी,
आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चौथा हात माझा. मी दोरी सोडली नव्हती, तळवे सोलून निघाले ते त्यानेच. आता खपली धरली आहे.

पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण त्याआधीच मी प्रमुखांना विचारून बसले होते. त्यांनी लपवलंसुद्धा नाही. भीती खरी उमटावी म्हणून तिघांनी सोडायचं ठरवलं होतं. मला सांगितलं नाही, कारण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. मग मायेने खांद्यावर हात ठेवून म्हणाले की, तू सोडली असतीस तर तो सरळ गाद्यांवर पडला असता. तुझ्या एकटीच्या ओढीने तो बाजूला फेकला गेला. बोललीस तर मनगट तुझ्या नावावर लागेल. आपण एक टीम आहोत, असंही म्हणाले. घरी येऊन मी तो खांदा साबणाने धुतला.

पण आत्या, त्यांचं ते म्हणणं खरं आहे. मी चित्रण पुन्हा पाहिलं. तो माझ्याच बाजूला झोका खाऊन पडला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मालकांकडे गेले. चित्रण लावलं, तीन उघडे हात दाखवले आणि न विचारता माझी मूठही दाखवली, झोका कुणामुळे बसला तेही सांगितलं. प्रमुख दारात उभे होते. मालकांनी चित्रण परत एकदा लावून बघितलं. मग म्हणाले की, दवाखान्याचं ते बघतील आणि लंबूची जागा लंबूचीच राहील. मला बरं वाटणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, किंकाळी ठेवायला हरकत नाही ना, फार छान आली आहे. हरकत आहे, असं मी म्हणाले. त्यावर ते ‘बघू’ म्हणाले. ती राहिली तर तो प्रसंग मी काढणार नाही, हेही सांगून आले. माझ्याशी आता कुणी बोलत नाही. चहासुद्धा तिघांचाच येतो.

संध्याकाळी लंबूकडे गेले. मी धरून ठेवलं म्हणून तुझा हात मोडला, असं दारातच सांगितलं. आत जाऊन बसले असते तर धीर झाला नसता. त्याने डाव्या हाताने माझे तळवे उलटून बघितले. पडताना वर एकच मूठ मिटलेली दिसत होती, म्हणाला. ती कुणाची, हे इतके दिवस कुणाला विचारावं तेच त्याला कळत नव्हतं.

माया कमी करू नकोस.

तुझी,
किंतू