कात्रीतलं बोट

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून हसू नकोस, पेन भिकार आहे. लहानपणी दुकानातल्या खुर्चीत बसवलं की तू गरागरा फिरायचास म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. आता तूच मला फिरवतोयस असा मला दाट संशय आहे. फोनवर विचारलं असतं, पण तिथे तुझी आई कान लावून उभी असते, आणि परीक्षेचं विचारलं की तू जेवणाचं सांगतोस. म्हणून हे पत्र.

दुकान ठीक चाललंय. केस कापायला कात्रीपेक्षा हल्ली मशीनच जास्त वापरतो, गिऱ्हाइकांनाही घाई असते. मुलाखतवाला अजून येतो. दोन पदव्या घेऊन बसलेला तो पोरगा आठवतो ना? दर वेळी म्हणतो, मुलाखत आहे, जरा सभ्य कापा. मी कापतो. नोकरी काही लागत नाही, आणि आता त्याचे कानाजवळचे केस पिकायला लागलेत. हेडमास्तरांना मात्र हे सांगून उपयोग नाही. डोक्यावर मोजके केस उरलेत तरी नेमाने येतात आणि शिकेल तो टिकेल म्हणून ऐकवतात. त्यांच्याच भरवशावर मी तुला इंजिनिअर व्हायला धाडलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत सुटलो.

सुट्टीत तू आलास तेव्हापासून मला वाटतंय की कुठेतरी पाणी मुरतंय. आधी आत्याच्या मुलाचं डोकं. मी बाहेर गेलो होतो, तू म्हणे सहज त्याचे केस कापलेस. मी त्याची मान बघितली. केस संपतात तिथली मानेवरची रेघ सहज येत नाही रे, ती यायला मला किती मानांची माफी मागावी लागली होती. मोबाइलवर बघून शिकलो म्हणालास. मग लक्षात आलं, घरात कुणी आलं की तू आधी डोक्याकडे बघतोस, मग तोंडाकडे. हा रोग इंजिनिअरला होत नाही.

आणि मग ती औषधाची पट्टी. आईने गोळ्या कापून मागितल्या, तू कात्री घेतलीस. कुणीही माणूस कात्रीत मधलं बोट घालतो, फार तर तर्जनी. तू अनामिका घातलीस. अंगठा नुसता टेकवून तेवढाच हलवलास, बाकीचा हात जागचा हलला नाही. मी समोर चहा पीत बघत होतो. असं बोट दिवसभर कात्री चालवणाऱ्याचंच जातं, तेही न बघता. आईला काही कळलं नाही. ती कौतुकाने म्हणाली, शिकलेल्याचा हात कसा स्वच्छ चालतो बघा.

तेव्हा कॉलेजात तू जातोस की नाही, हे मी आता विचारत नाही. पण खरं सांगू? कॉलेज सोडलंस याचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा येत नाही. राग येतो तो त्या परक्या दुकानातल्या माणसाचा, ज्याने तुझा अंगठा कात्रीत नीट बसवून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कात्रीला हात लावलास तर हात बांधून ठेवीन असं मीच म्हणायचो, हे मला ठाऊक आहे. तरी वाईट वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पेन चांगलं आहे, नवीन आहे. हात थरथरतो. समोरच्या लाँड्रीवाल्याची मुलगी डॉक्टर झाली ना, ती एकदा दुकानाच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिचं काय काम आहे इथे. तिने आत येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, वस्तरा आता ठेवून द्या." मला तिचाही संशय आला होता, पण दुसऱ्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. ती शिकली नसती तर कुणाचा तरी गळा माझ्या हातून कापला गेला असता. म्हणून शिकणं वाया जातं असं म्हणायची माझी छाती होत नाही, आणि मुलाखतवाल्याकडे बघून शिकच म्हणायचीही होत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. हात थरथरतो म्हणून तू धावत यावंस असंही मला नको आहे. माझ्यावर दया येऊन दुकानात उभा राहिलास तर मला ते लगेच कळेल. पण एकदा ये. शटर अर्धं खाली ओढ, मला खुर्चीत बसव आणि माझे केस काप. मशीन नको, कात्रीने. झाल्यावर मागून आरसा धर, मला माझ्या मानेवरची रेघ बघू दे. तुला हे काम मनापासून आवडतं की कॉलेजला कंटाळून धरलंयस, ते मी त्या रेघेत बघीन. मग शिक्षणाचं बोलू.

तुझाच,
बाबा