दिवाळी ते होळी पाणी नाही

बाई, काल दुपारी आमच्या सोसायटीतल्या तीन बायका माझी बाल्कनी बघायला आल्या होत्या. ग्रिलला तारेने टांगलेली आंब्याच्या झाडाची साल, सालीवर बोटभर उंचीच्या काड्या, काड्यांना एक पान नाही आणि नुसती पांढरी फुलं. त्यांनी फोटो काढले, आणि मग त्यातल्या एकीने विचारलं, "आजी, हे ऑर्किडचं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. आपलं आपण येत गेलं." साठहून जास्त वर्षं मी हेच उत्तर देत आले आहे. मुलांना दिलं, सुनांना दिलं, एकदा कृषी महाविद्यालयातून बघायला आलेल्या एका प्राध्यापकालाही दिलं. मेलेल्या माणसाजवळ फक्त त्याचं नाव उरतं, आणि तुमचं नाव दाबून ठेवणं तेवढं माझ्या हातात होतं. ते मी नेटाने केलं. काल मात्र त्या बायका गेल्यावर वाटलं, तुम्हाला निदान हे कळायला हवं की ते कुणी दाबलं आणि कशासाठी.

मी आता जिथे राहते त्या सौदागर भागात तेव्हा नुसती जोंधळ्याची रानं होती. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता, आणि साताऱ्याकडचं गाव सोडून माझे वडील तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते. आम्ही चिंचवडात एका खोलीत राहत होतो. तुम्ही आमच्या शाळेत आलात, वर्गशिक्षिका झालात, आणि आमच्याच आळीच्या टोकाला नदीकडच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागलात. एकटी बाई, त्यात शिकलेली, त्यात दर रविवारी मावळात जाऊन पिशवीभर फांद्या घेऊन येणारी. शेजारची पाटलीण म्हणायची, "बाई शानी हाय, पर बांडगुळं कशापायी पाळती, काय कळंना." तुम्ही ते ऐकलंत आणि तिला पडवीत बोलावून दाखवलंत. म्हणालात, "बांडगूळ झाडाचं रक्त पितं हो. ही आमरी आहे, ऑर्किड. ही फक्त बसायला जागा मागते, जेवायचं आपलं आपण बघते." पाटलीण "व्हय का" म्हणाली आणि निघून गेली. मी तिथेच उभी होते, आणि मला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी तुमच्याकडेच येऊ लागले.

तुम्ही मला शिकवलंत, हे तुमच्यापुढे नाकारणार नाही. लाकूडतोड्यांनी पाडलेल्या फांद्यांवरून ती इवलीशी झाडं कशी सोडवायची, मूळ तुटू न देता नखाने साल कशी उचलायची, हे तुम्ही दाखवलंत. खरबरीत आंब्याच्या सालीवर चिमूटभर शेवाळ ठेवून जुन्या लुगड्याच्या चिंधीने त्यांना बांधायचं. गाठ मागे, आणि इतकीच घट्ट की वाऱ्याने झाड हलू नये. एक जात तर शर्टाच्या बटणाएवढी होती. तिच्यासाठी कुंभाराकडून तुम्ही पणतीएवढ्या, बाजूला भोकं पाडलेल्या कुंड्या करून घेतल्या होत्या. त्यात विटेचे खडे, कोळसा, थोडा काथ्या. माती अजिबात नाही. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं. मुलगी बाईंकडे शिकते आहे, काहीतरी द्यायला हवं, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी नदीकाठची काळीभोर गाळाची माती टोपलीभर डोक्यावरून घेऊन आले. तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, पण हसलात. "यांना माती म्हणजे थडगं हो," म्हणालात. वडील म्हणाले, "आमाला काय ठावं बाई, झाड म्हनलं की माती," आणि टोपली परत डोक्यावर घेऊन गेले. मीही तुमच्याबरोबर हसले होते. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाणी तुम्ही गुलाबदाणीने घालायचात. तुमच्या आईची, चांदीचं पाणी दिलेली, लांब मानेची. पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं असायचं, ते फडक्यातून गाळून गुलाबदाणीत भरायचं आणि सकाळच्या उन्हात एकेका झाडावर झटकायचं. पण ते सगळं दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायची, नुसत्या काड्या राहायच्या, आणि तुम्ही गुलाबदाणी कपाटात ठेवून द्यायचात. "दिवाळी ते होळी पाणी नाही. मेल्यासारखी दिसतील, बघून दया येईल, तरी नाही. तहान लागल्याशिवाय फूल धरत नाहीत." पहिल्या हिवाळ्यात मी रडकुंडीला आले होते. होळीच्या आधी त्या वाळक्या काड्यांवर पांढरी फुलं आली तेव्हा मला वाटलं, बाईंना सगळंच कळतं. तुमचा हा नियम फक्त झाडांपुरता नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. माझी वही तपासताना तुम्ही बरोबरच्या गणितावर कधी खूण केली नाहीत, चुकलं तेवढ्यावर फुली मारलीत. निबंधात पहिली आले तर म्हणालात, "दुसऱ्या मुलीने निबंध पुरा केलाच नव्हता." मला वाटायचं, होळी यायची आहे.

मॅट्रिकचे फॉर्म भरायचे दिवस आले. वडील तुम्हाला विचारायला शाळेत आले, कारण घरात आधी कुणी मॅट्रिकपर्यंत पोचलं नव्हतं आणि एक स्थळ चालून आलं होतं. घरी येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि आईला म्हणाले, "बाई म्हनल्या, पोरगी हातानं चांगली हाय, डोक्यानं बेताची. फारम भरून उपेग न्हाई म्हनल्या. स्थळ बरं असंल तर देऊन टाका." आई म्हणाली, "मग त्या पाव्हन्यांना होय म्हनून सांगावा धाडा." मी चुलीपाशी भाकरी थापत होते. भाकरी थापून पुरी केली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती चांगली फुगली होती, हे मला आठवतं. बाई, मी वर्गात दुसरी होते. माझ्या आधी एकच मुलगा होता, आणि तो माझी वही बघून गणितं सोडवायचा. तुम्हाला हे माहीत होतं.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी तुम्ही माझ्या हातात घराची किल्ली दिलीत. नाताळच्या सुट्टीत तुम्ही भावाकडे कोल्हापूरला निघाला होतात. फॉर्मबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत मात्र राहिलात, आणि मग म्हणालात, "रोज येऊन बघून जा. मांजर शिरत नाही ना, एवढंच. पाणी घालायचं नाही." मी म्हटलं, "नाही बाई." त्या दिवशी संध्याकाळी पिंपातलं पाणी मी परातीत ओतलं आणि पणतीएवढ्या कुंड्या त्यात उभ्या करून ठेवल्या. सालीवर पाणी धरून राहत नाही, म्हणून गोणपाट भिजवून त्यात त्या साली गुंडाळल्या. मुद्दाम संध्याकाळी, म्हणजे थंडी आणि ओल दोन्ही रात्रभर मुळाशी बसेल. तुम्हीच शिकवलं होतंत की यांना कशाने मरण येतं. बारा दिवस मी रोज हे केलं. लोक पुढे म्हणतात, लहान होतो, कळत नव्हतं, दया आली म्हणून पाणी घातलं. मला दया आली नव्हती. मला सगळं कळत होतं. त्या बारा दिवसांत माझ्या हाताला जेवढी शांतता होती तेवढी नंतर बाळंतपणातही मिळाली नाही. शेवटच्या दिवशी गोणपाट काढलं, परात पुसून फळीवर ठेवली, फरशी कोरडी केली.

तुम्ही परत आलात त्या दिवशी शाळा उघडली होती. शाळा सुटल्यावर मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पडवीत खाली बसला होतात, प्रवासाचं लुगडंही बदललेलं नव्हतं. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, काड्या सुरकुततात, आणि दिसायला ती तहानेने गेल्यासारखी दिसतात. तुमच्यासारखी जाणती बाई, पण तुम्ही मुळं उचकटून बघितली नाहीत. तुमच्या मनात आधीच एक उत्तर तयार होतं. "पाणी घातलं नाहीस ना?" तुम्ही विचारलंत. "तुम्हीच नको म्हणाला होतात," मी म्हटलं. मग तुम्ही कपाटातून गुलाबदाणी आणलीत आणि माझ्यासमोर, एकेका काडीवर, पाणी झटकायला लागलात. ज्या थोड्या वाचल्या असत्या त्याही तुम्ही तुमच्या हाताने संपवल्यात. मी अडवलं नाही. आणि पाणी घालता घालता तुम्ही रडायला लागलात, त्या काड्यांवरून बोट फिरवत म्हणालात, "फार कडक वागले गं मी तुमच्याशी." बाई, ते वाक्य माझं होतं. चार वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. मी हातभर अंतरावर उभी होते, आणि ते तुम्ही मेलेल्या काड्यांना दिलंत.

माघात माझं लग्न झालं. तुम्ही आलात, आणि आहेर म्हणून ती गुलाबदाणी दिलीत. "आता मला हिचं काम नाही," म्हणालात. मी वाकून नमस्कार केला. पहिल्याच वर्षी ती मोडीत घातली आणि बदल्यात दोन पितळी डबे घेतले. त्यातल्या एकात अजून हरभऱ्याची डाळ असते. नवरा वाईट नव्हता. लेथवर काम करायचा, थकून यायचा, वर्तमानपत्र मी मोठ्याने वाचून दाखवायचे. मुलांची गणितं मॅट्रिकपर्यंतची मीच घेतली, तिन्ही मुलांची, आणि एकदाही कुणाच्या बरोबर उत्तरावर खूण करायची विसरले नाही. ते तुमच्यावर सूड म्हणूनच करत होते. मुलांचं त्यात भलं झालं, ती गोष्ट वेगळी.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी शाळेतल्या गणिताच्या बाई मला पिंपरीच्या मंडईत भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुझं नाव काढून त्या फार हळहळायच्या. अगं, त्यांना वाटलं होतं तू चिडशील, येऊन भांडशील, म्हणशील मी फॉर्म भरणारच. तुझ्यात जिद्द जागी करायची होती त्यांना. तू आलीच नाहीस." म्हणजे तुम्ही माझं पाणी तोडलं होतंत, फूल यावं म्हणून. किल्ली देताना टक लावून बघत होतात ते त्यासाठीच. बाई, तुम्ही पदवीधर. चार वर्षं आमच्या घरी येत-जात होतात. आमच्या घरातली मुलगी, जिचा बाप तुमच्यासमोर टोपी काढून उभा राहतो, ती तुमच्याशी भांडायला येईल हे तुम्हाला वाटलं तरी कसं? आम्ही भांडत नाही. आम्ही "नाही बाई" म्हणतो आणि परात भरतो. मंडईत मी मात्र "त्यांचा फार जीव होता माझ्यावर," एवढं म्हटलं आणि मेथी घेतली. घरी आले तेव्हा राग उतरायला हवा होता. उलट तो वाढला, कारण तोपर्यंत मी तुम्हाला निदान दुष्ट समजत होते. तुम्ही नुसत्या चुकला होतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घडी करून कोळशाच्या डब्यात ठेवीन. पावसाळ्याच्या तोंडावर साली बदलताना खाली पसरायला कागद लागतोच. नातसून म्हणते, "आजी, या झाडाला किती दिवस झाले, पाणी तरी घाला." मी म्हणते, होळी होऊ दे. तेवढा तुमचा नियम मी मोडलेला नाही.

आता एकच सांगायचं राहिलं. परात भरायच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, मी तुमच्या सगळ्यात जुन्या झाडाचा चार काड्यांचा एक तुकडा सोडवून घेतला होता, आणि घरी आंब्याच्या सालीवर बांधला होता, गाठ मागे. काल त्या बायकांनी फोटो काढले ते त्याचेच. तुम्ही पडवीत बसून रडत होतात तेव्हा तो माझ्या दप्तरात होता. मी तो तुम्हाला परत द्यायला आणला होता. सगळं कबूलही करणार होते. दप्तराचं बटण उघडून हात आत घातलेला होता. तेवढ्यात तुम्ही ते वाक्य बोललात, काड्यांकडे बघून. मी हात बाहेर काढला आणि बटण लावून टाकलं.