नाना, या पुस्तकांना शेवट होते

नानाकाका,

‘प्रिय’ लिहायला आज हात धजत नाही. तेवढं चालवून घ्या. काल सकाळी काकूने तुमची लोखंडी पेटी उघडली, धोतराच्या घडीखालून एक खाकी पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि माझी तीन वर्षं उभ्या उभ्या खोटी झाली.

तुमचं तेरावं झालं. आज सकाळच्या गाडीने काकू भावाबरोबर शिरपूरला गेली. डिंडोलीतली ही खोली दुपारी मालकाच्या ताब्यात द्यायची आहे, चावी माझ्याकडे ठेवलीय. म्हणून इथेच बसून लिहितोय, तुमच्या फरशीवर. समोर ती पानं पडली आहेत. तुम्ही मला वाचायला दिलेल्या एकेका पुस्तकाची शेवटची पानं! पट्टी लावून ब्लेडने कापलेली. एक कड वाकडी नाही. नसणारच. सगळा जन्म मिलच्या फोल्डिंग खात्यात कापड मोजण्यात आणि कापण्यात गेला तुमचा.

तुम्हीच सांगायचात ना, कापडाच्या ताक्याच्या टोकाला मीटरचा शिक्का असतो; तेवढा तुकडा काढला की कापड मुळात किती लांब होतं ते कुणाचा बाप सांगू शकत नाही! मी किती हसलो होतो. आता कळतंय, तो ताका मीच होतो.

पहिला दिवस आठवतो? बाबांशी भांडून, ओठ फुटलेला, मी तुमच्या पायरीवर येऊन बसलो होतो. काय झालं, कुणी मारलं, काही विचारलं नाहीत. एक पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक पुढे केलंत. “वाच भो.” पहिल्याच पानावर एका गावाला नोटीस येते, की या आठवड्याचा बुधवार रद्द करण्यात आला आहे, तरी बुधवारी जन्मलेल्यांनी अंथरूण-पांघरूण घेऊन कचेरीत हजर व्हावं.

“म्हणजे काय, नाना?”

“म्हंजे काहीच नही. बुधवार रद्द शे. पुढे वाच!”

मी इतका हसलो की ओठातून पुन्हा रक्त आलं. 

मग एकामागून एक तुम्ही देत गेलात. कारकुनाला बढती मिळते आणि तो जिना होतो; घरचे अभिमानाने त्याच्यावरून वरखाली करतात. एक गृहस्थ आपला आवाज इस्त्रीला टाकतो, परत आणतो तर तो फौजदाराचा निघतो, आणि बिचारा बायकोकडे मीठसुद्धा दरडावून मागतो. लेखकांची नावं कुणी ऐकलेली नाहीत, दुकानात विचारलं तर दुकानदार आपल्याकडेच बघतो. रद्दीतून, कुठल्या बँकवाल्या साहेबाच्या माळ्यावरून गोळा केलेली ही पुस्तकं. “ह्या पुस्तकासले वाचक नसतस, भो. चेले ऱ्हातस,” म्हणायचात. मी झालो चेला! अर्थ विचारायचा नाही, हत्ती दिसला तर हत्तीच समजायचं, भीती वाटली तरी हसायचं. बाहेरच्या जगात सगळेच ‘का रे?’ विचारत होते, तेव्हा तुमच्या पायरीवर कुणी ‘का’ विचारत नव्हतं. याचं किती सुख होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तुम्ही तसं केलंत.

प्रत्येक पुस्तक अर्ध्या वाक्यात तुटायचं. पहिल्यांदा मी विचारलं होतं, “पुढची पानं कुठेत?” पापणी न लववता तुम्ही म्हणालात, “या जातले शेवट नसस. पुढे काय व्हयनं ते तू सांग.” मग दर रविवारी बशीतला चहा फुंकत मी शेवट सांगायचो आणि तुम्ही मान डोलवायचात. मला वाटायचं, मी मोठा होतोय!

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा बाबा फक्त एवढंच म्हणाले, “निदान पूर्ण तरी कर.” मी काय उत्तर दिलं माहितीय? “पूर्ण करणं ही बाजारू गोष्ट आहे.” बाजारू! आज इच्छापोरला कंत्राटावर पाइप उचलतो मी, नाना. हे वाक्य मला कुणामुळे सुचलं?

आणि किंजल. तिचं तर तुम्हाला सगळं माहीत होतं. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावरची. बुधवार रद्द झाल्याची गोष्ट ऐकून कँटीनमध्ये तिच्या नाकातून चहा आला होता, त्याच दिवशी मी कामातून गेलो. मी कॉलेज सोडल्यावर तापीच्या पुलावर तिने सरळ विचारलं, “बोल ने, पछी शुं?” पुढे काय, एवढंच विचारत होती. हो म्हण, नाही म्हण, थांब म्हण, काहीतरी म्हण. मी काय केलं? तिला समजावत बसलो, की काही गोष्टी उघड्या ठेवण्यातच सौंदर्य असतं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “तारी वार्तामां छोकरी बोलती ज नथी?” तुझ्या गोष्टीत मुलगी बोलतच नाही का? यालाही मी छान वाक्य म्हणालो! काय गाढव माणूस मी!

त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आलो होतो. पुलावरचं सगळं सांगितलं. ती तुमची खरं सांगायची वेळ होती, नाना! तेव्हा तुम्ही पेटीकडे पाहिलंत. काल आठवलं मला ते. पाहिलंत, तोंड उघडलंत आणि म्हणालात, “चहा लेस का?”

मी चहा घेतला.

काल काकूवर ओरडलो मी. तिचा काय दोष? पण ओरडलो. का केलं त्यांनी असं? तिने पदराने डोळे पुसले. “शेवट वाचा का पोऱ्या परत येवाव नही, आसं म्हनेत ते. तुना काका वेडा व्हता रे.”

शेवट वाचला की मी परत येणार नाही, एवढ्यासाठी? मूल नाही, रविवार खायला उठतो, हे तोंडाने सांगता आलं नसतं? मी आलो असतो हो! शेवट वाचूनही आलो असतो. आवडला नसता तर भांडायला आलो असतो, आवडला असता तर पुन्हा वाचून दाखवायला आलो असतो. तुम्ही मला एकदा विचारून तर बघायचं! माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून तुम्ही ब्लेड वापरलंत. राग पानांचा नाही, नाना, या नसलेल्या भरवशाचा आहे.

रात्रभर पानांना हात लावला नाही. आज सकाळी एकच वाचलं. ती सातव्या खोलीची गोष्ट. दर मंगळवारी एका माणसाच्या घराला एक खोली जास्तीची उगवते आणि प्रत्येक खोलीत कुणी अनोळखी बसची वाट बघत बसलेला असतो. शेवटी तो सातव्या खोलीत पाऊल टाकतो, आणि तिथे आपलं पुस्तक तुटतं. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की बस येत नाही, न येणं हाच गोष्टीचा प्राण आहे. किंजललाही पुलावर हेच सांगितलं होतं.

बस येते, नाना! खोलीतलं बाकडं रिकामं असतं, तो बसतो, आणि भिंतीतून हॉर्न वाजवत बस येते! वेडेपणा तसूभर कमी होत नाही. कंडक्टर त्याला कुठे जायचं विचारतो आणि तो गावाचं नाव सांगतो. सांगतो! मी इथे एकटा हसलो आणि मग तुमच्या नावाने एक शिवी दिली. दोन दिल्या.

परवा किंजलचा मेसेज आलाय. रविवारी अकरा वाजता नवसारीचे पाहुणे तिला बघायला तिच्या घरी, भेस्तानला येणार आहेत. खाली लिहिलंय, “पछी एम ना कहेतो के कीधुं नहोतुं.” मग म्हणू नकोस, सांगितलं नव्हतं. मी जाणार नव्हतो. एक सुंदर, अर्धवट, कुठेही न पोचणारं उत्तर लिहून तयार ठेवलं होतं. आताच पुसलं.

आज रविवारच आहे. सव्वादहा झालेत.

तुम्हाला माफ केलेलं नाही. कधी करेन, तेही सांगत नाही. पण एक शब्द देतो. पाहुण्यांच्या आधी तिच्या दारात उभा राहून, मला तू हवी आहेस, मी कॉलेजचा फॉर्म पुन्हा भरतोय, हे एका दमात सांगेन. मग गप्प बसेन. ती जे बोलेल ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकेन. ‘ना’ म्हणाली तर ‘ना’ ऐकेन. मधे तोडणार नाही, त्याला काही सुंदर नाव देणार नाही.

पानं पिशवीत भरली. खोली झाडली. काकूने ठेवलेला दिवा विझलाय, तो तसाच राहू दे. ही ओळ उभ्यानेच लिहितोय, कागद भिंतीला लावून. निघालो, नाना. दार ओढून घेतोय.

भूषण