आधी उजवा बूट

धाकट्या,

दादाचा आशीर्वाद. पत्र आईला वाचून दाखव, फक्त शेवटचा भाग सोडून.

शुगरमुळे पायांची जी आग व्हायची, ती थांबावी म्हणून पाठीच्या कण्यात सौम्य विजेची बारीक तार घातलीय. आठवडाभर तिची चाचणी आहे. आग निम्म्यावर आली. तीन वर्षांनी पायांवर चादर सोसवली. काल नर्सबाईंच्या चपलेचा पट्टा बसल्या बसल्या शिवून दिला. आईचे गुडघे कसे आहेत? दुकानात एकट्यानं निभतंय ना?

आता तुझ्यापुरतं. डावा अंगठा काळाच आहे. त्या पायात रक्त किती पोचतंय ते डॉक्टर रोज मोजतात आणि आकडा लिहून पुढच्या खाटेकडे जातात. माझ्यासाठी बूट शिवायला घेतलेस ना, त्यातला उजवा पुरा कर. डाव्याचं चामडं एवढ्यात कापू नकोस.

तुझा दादा