कालव्यावरची लाइन

साहेब,

या चैत्रात मी मुद्दाम बडोद्याबाहेर, छाणीच्या पलीकडे गेले आणि कालव्याच्या पाळीवर आपल्या विजेच्या लाइनखाली जाऊन उभी राहिले. का गेले ते सांगते, पण जरा दमानं. गावातली माणसं मातेच्या दर्शनाला पायी पावागडला निघाली होती. पुढे एक धिप्पाड गडी, कमरेच्या पट्ट्यात बांबू रोवून मातेची लाल धजा घेऊन चाललेला. पाळ चढून तो वर आला आणि धजेचं टोक तारांच्या चांगलं खालून निघून गेलं. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी मात्र ते टोक पार जाईपर्यंत वरच बघत होते. घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला, आणि तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच. पण तुम्हीच म्हणायचात ना, आधी आखून तर घे, मंजुरीचं मग बघू.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते, नवी कोरी इंजिनिअर, आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. त्या दिवसांत सगळ्या ऑफिसला नव्या कारखान्यांचं वेड लागलं होतं. रोज कुणीतरी टाय लावून यायचा, कारखान्याला वीज कधी देता विचारायचा, आणि माणसं त्याच्यामागे धावायची. खेड्यांची लाइन कुणालाच नको होती. ती तुमच्याकडे आली आणि तुम्ही तिचा नकाशा माझ्यापुढे पसरलात. "कारखान्याला दहा जण आहेत, गावांना आपण दोघं," म्हणालात. मला राग आला होता, साहेब, खरं सांगते. बाई म्हणून मला बैलगाडीला जुंपलं असं वाटलं. मग तुम्ही मला एका गावात नेलंत. संध्याकाळचे सात, आणि घरातला बल्ब असा तांबडा की खाली धरलेली वाटी दिसेना. एका दारात जळलेल्या मोटारी ओळीनं मांडून ठेवलेल्या, व्होल्टेज पडून पडून गेलेल्या. तो घरमालक हसत म्हणाला, "बेन, आमारे त्यां वीज आवे छे, पण थाकेली आवे छे." थकलेली वीज. परत येताना जीपमध्ये मी तुमच्याकडून लाइनचा नकाशा मागून घेतला.

शहराकडून त्या गावांकडे नवी मोठी लाइन न्यायची, तिकडे नवं सबस्टेशन उभं करायचं, असा बेत. बाकीचे लोक नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायचे. तुम्ही चालायचात. उन्हात डोक्याला ओला पंचा, हातात छत्री, आणि मी मागे धापा टाकत. "आमचे पणजोबा सरकारांच्या पलटणीत होते, चालणं आमच्या रक्तात आहे. तुझे वडील रिफायनरीतले, तुला बस लागते," असं वर चिडवायचात. आणि प्रत्येक वस्तीत तुमचा तो एकच प्रश्न. विहीर विचारायचात, झाड विचारायचात, पण सगळं झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या बाईपुढे उकिडवे बसून विचारायचात, "बा, आखा वरसमां अहींथी सौथी ऊंचुं शुं जाय?" वर्षभरात इथून सगळ्यात उंच काय जातं. कुणी सांगायचं पेंढ्यानं लादलेली गाडी, वर बसलेल्या माणसासकट. कुणी सांगायचं गुरं घेऊन फिरणाऱ्या मालधाऱ्यांचे उंट, पाठीवर उलट्या खाटा बांधलेले. तुम्ही ते मोजणीच्या वहीत, फील्डबुकात लिहायचात. मला वाटायचं, साहेबांना गप्पा मारायला आवडतात. नियमाच्या पुस्तकात रस्त्यावर तार किती उंच हवी ते दिलंच आहे की!

शनिवारी अर्धा दिवस असायचा. मग ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून आपण दांडिया बाजारात तुमच्या घरी. काकू स्वैपाकघरातून ओरडायच्या, "आधी हात धुवा दोघं, मग तुमचे टॉवर." जमिनीवर पाट, पुढे ताट, आणि आमटीत एवढा गूळ! आमच्याकडे साताऱ्याची तिखट आमटी, मी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं तर काकू म्हणाल्या, "अगं, बडोद्यात राहायचंय ना, मग थोडं गोड बोल, थोडं गोड खा." ऑफिसात तुम्ही मला सगळ्यांदेखत "बेन" म्हणायचात, आणि घरी "अगं". त्या "अगं"साठी मी शनिवारची वाट बघायचे. मोठी झाल्यावर मला असं अगं म्हणणारी माणसं फार उरली नाहीत.

आता त्या दुपारचं सांगते. वैशाख होता. शेवटच्या तीन टॉवरच्या जागा मोजायच्या राहिल्या होत्या, कालव्याच्या दोन्ही अंगांचा तुकडा. तुम्ही ऑफिसात अडकलेले, म्हणून मी आणि मोजणीची साखळी धरणारे आपले म्हातारे चेनमन काका. अकरालाच त्यांना लू लागली, त्यांना जीपमध्ये निजवलं. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. बाईमाणसाला आडोसा कुठे होता त्या माळावर? पाणी प्यायचंच नाही, हा माझा उपाय. डोकं भणभणत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दुसऱ्या दिवशी परत येता आलं असतं. पण मोठ्या साहेबांना सोमवारी ड्रॉइंग हवं होतं, आणि मला "मुलगी दमली" हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी जीपच्या सावलीत बसले, जुना नकाशा उघडला, आणि त्यावरच्या उंच-सखलाच्या रेघा बघून त्या तुकड्याचे सगळे आकडे फील्डबुकात भरून टाकले. जणू चालून मोजलेत असे. आणि त्या वस्तीत गेले नाही, म्हणून तो प्रश्नही कुणाला विचारला नाही.

ड्रॉइंग झकास झालं. सोमवारी मोठे साहेब खूश. तुम्ही ड्रॉइंग बाजूला ठेवून फील्डबुक मागितलंत. सावकाश पानं उलटलीत, त्या तुकड्याच्या पानावर थांबलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अक्षर सुंदर आहे हं तुझं." मी मनातून फुलले. तुमच्या तोंडून शाबासकी म्हणजे दुष्काळात पाणी! घरी जाऊन आईला सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं.

दुसऱ्या सकाळी तुम्ही म्हणालात, "चल, जरा कालव्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ." मला धस्स झालं. उतरलो, चालायला लागलो, आणि समोर बघते तर काय, कालव्याची मातीची पाळ, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर जाईल एवढी उंच. कालवा आहे हे माहीत होतं, पण त्या दिवशी जीप पार अलीकडे उभी होती, पाळ मी बघितलीच नव्हती, आणि नकाशा कालव्याच्या आधीचा होता. माझ्या कागदावर तिथे सपाट शेत होतं. तार उन्हानं तापली की लांबते, दोन टॉवरच्या मध्ये तिला झोळ पडतो, आणि माझ्या ड्रॉइंगमधला सगळ्यात खालचा झोळ बरोबर त्या पाळीच्या माथ्यावर येत होता. तुम्ही छत्री मिटलीत. वस्तीत गेलात, एका म्हाताऱ्या बाच्या ओट्याशी उकिडवे बसलात आणि तोच प्रश्न विचारलात. ती हसली. "मातानी धजा, बीजुं शुं!" मातेची धजा, दुसरं काय. आणि तिनं घराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वळचणीखाली दोन खुंट्यांवर बांबू आडवा ठेवलेला, एकाला एक जोडलेले दोन, घर संपलं तरी तो संपत नव्हता. दर चैत्रात गाव तो उभा धरून पावागडला जातं, आणि जातं पाळीवरूनच, कारण खाली शेतांत पाणी असतं. चैत्र सरून महिनाही झाला नव्हता. बांबूवर अजून कुंकू होतं.

तुम्ही बांबूच्या कडेनं पावलं टाकत शेवटापर्यंत गेलात. मग पाळीवर चढलात, कमरेशी मूठ धरून उभे राहिलात, जणू धजा धरलीय, आणि वर आभाळाकडे बघितलंत. मला सगळं दिसलं, साहेब. तो गडी, तो बांबू, चैत्राच्या उन्हात लोंबलेली तार, आणि मागून येणारी बायकामुलं. मी तिथेच मातीत बसले. मला वाटलं आता तुम्ही विचाराल. मी खरं सांगितलं असतं की नाही, देवाला ठाऊक. तुम्ही त्या बाकडून पाण्याचा लोटा मागून आणलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आधी पाणी पी. सगळं पी. बाच्या घरामागे आडोसा आहे, मी विचारून घेतलंय." मी प्यायले आणि रडले. मग तुम्ही एवढंच बोललात, "अगं, तार एकदा वर गेली की ती कुणाला विचारायला थांबत नाही. म्हणून विचारणं आपलं काम." ते तीन टॉवरचं अंतर आपण त्याच दिवशी परत चाललो. साखळी तुम्ही धरलीत, आकडे मी लिहिले.

एक टॉवर पाळीजवळ सरकवायचा आणि दोन उंच करायचे, म्हणजे सगळं परत मंजुरीला, म्हणजे पावसाळ्याआधी काम सुरू होणार नाही, म्हणजे गावांचा आणखी एक हंगाम थकलेल्या विजेवर. मोठे साहेब मीटिंगमध्ये भडकले. "सर्व्हे कोणाचा होता?" असं त्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं. मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही समोरच्या ड्रॉइंगवरची नजर न हलवता म्हणालात, "माझा." बस्स. मी गप्प बसले. माझी जीभ टाळूला चिकटली होती, हे खरं, पण मी ती सोडवायचा प्रयत्नही केला नाही, हेही खरं. त्या वर्षी तुमची बढती व्हायची होती, ती झाली नाही. याच्यामुळेच, असं कुणी लिहून दिलं नाही, आणि तुमच्या घरी आमटी तेवढीच गोड राहिली. पुढच्या हिवाळ्यात लाइन चालू झाली तेव्हा तुम्ही मला त्या बाच्या घरी घेऊन गेलात. बल्ब पांढरा लख्ख. बा डोळ्यांवर हात धरून म्हणाली, बाई गं, घरात एवढी जळमटं आहेत हे आज कळलं, आणि तुम्ही तुमचं ते खो खो हसलात.

ही सगळी वर्षं मी असं धरून चालले की तुम्हाला पाळ अचानक दिसली. नशीब बलवत्तर, देवानं वाचवलं. माझी लबाडी माझ्यापाशी राहिली. मग या फाल्गुनात, तुमच्याच खुर्चीवर बसून, मी एका नव्या मुलीचं फील्डबुक तपासत होते. हुशार आहे, तडफदार आहे, नाकावर माशी बसू देत नाही. पानं वेडीवाकडी, घामाचे डाग, चालता चालता लिहिलेलं अक्षर असतं तसं. आणि मध्येच दोन पानं मोत्यासारखी. एकाच बैठकीत, मांडीवर वही ठेवून लिहिलेली. माझ्या तोंडून शब्द निघाले, "अक्षर सुंदर आहे हं तुझं." ती लाजली, खूश झाली. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसले, साहेब, कारण तिथे मी बसले होते, चोवीस वर्षांची. म्हणजे तुम्हाला सोमवारीच कळलं होतं. पाय मोकळे करायला वगैरे नव्हता गेलात तुम्ही. एका शब्दानं मला उघडं पाडलं नाहीत, आणि वर माझी आई शेजारीपाजारी मिरवत राहिली! काय म्हणू तुम्हाला? तुम्ही असता तर पाया पडले असते आणि भांडलेही असते.

मी तिला घेऊन गेले, तो तुकडा चालवला, पाण्याची बाटली आणि आडोसा आधी बघून ठेवला. चूक निघाली, माझ्या चुकीइतकी मोठी नाही, पण ड्रॉइंग परत करावं लागलं. काकूंनी तुमच्या पश्चात मला दिलेलं ते जुनं फील्डबुक पुढ्यात आहे, हे पत्र त्या सुंदर अक्षराच्या पानात घालून ठेवणार आहे. टपालात टाकण्यासारखं नाहीच ते. एकच सांगायचं राहिलंय, आणि ते सांगता येईना म्हणूनच चैत्रात तुमच्या लाइनखाली जाऊन उभी राहिले होते. आमच्या मीटिंगमध्येही विचारलं गेलं, सर्व्हे कोणाचा. मी "माझा" म्हणाले. म्हणाले, साहेब, अगदी स्पष्ट म्हणाले. पण म्हणायच्या आधी मी एकदा तिच्याकडे बघितलं, ती बघतेय ना म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं.