विहिरीतली पांढरी कवचं

२ फेब्रुवारी १९५९, खुटबाव
आले एकदाची! मुंबईत खडकांवरचे समुद्रजीव तपासणारी मी, आता भीमेतल्या माशांच्या पाहणीवर. सुगराबींच्या घरात खोली मिळाली. दारातच बांधीव विहीर, भोवती ऊस. माझा सूक्ष्मदर्शक पाहून सुगराबी म्हणाल्या, "मासं बघायचा पगार मिळतो व्हय? आमचा फकीर फुकट बघत बसतो की!" फकीर त्यांचा मुलगा, दौंडला रेल्वेत. त्याची बायको शहाबानो पोटुशी आहे. ती हसता हसता खाली बसली.

६ फेब्रुवारी
शहाबानोनं पोहरा दाखवला. बुडाला पांढरी, टोकदार कवचं. ही जहाजांच्या बुडाला असतात, खाऱ्या पाण्यात. विहिरीचं पाणी चाखलं, गोडच आहे. या कवचातल्या जीवाचं पिल्लू मोकळं पोहतं, जागा पसंत पडली की डोकं टेकून चिकटतं आणि जन्मभर हलत नाही, असं तिला सांगितलं. म्हणाली, "म्हंजी आमच्यावानीच की, बाई. लगीन झालं की चिकटायचं."

११ फेब्रुवारी
विहिरीच्या पायऱ्या पांढऱ्या झाल्यात. शेळीच्या खुरांवरही कवचं. मुंबईला तार केली. साहेबांचं उत्तर: अशक्य. उन्हाचा त्रास होत असल्यास रजा घ्यावी.

१४ फेब्रुवारी
शहाबानोच्या टाचेवर एक उगवलंय. खरवडलं तर रक्त. डॉक्टर म्हणाले, भोवरी. सुनेला इथून हलवा म्हणून सुगराबींना हात जोडले. पाणी कोण भरणार, त्यांनी विचारलं.

१५ फेब्रुवारी
दुसऱ्या पायालाही. आता सुगराबीही घाबरल्यात. फकीर आला. उद्या सकाळच्या गाडीनं तिला नेणार.

१६ फेब्रुवारी, सकाळ
गाडी गेली. शहाबानो उठू शकत नाही. तळवे फरशीला — ओढलं की किंचाळते. फकीरनं पहार आणली. मी आडवी आले. कातडी निघेल सगळी —

दुपार
गुडघ्यांपर्यंत चढलीत. मघाशी म्हणाली, "बाई, आत हलत न्हाई." पोटावर हात ठेवला. कडक, खरखरीत —
आतून काहीतरी टेकलं. डोकं असावं. मग तेही स्थिर.
माझा हात निघत नाही. बोटांच्या बेचक्यांत पांढरे ठिपके —

डाव्या हातानं लिहिते आहे. ती विचारते, बाई, तुम्ही शिकलेल्या, ह्यावर काय तरी असंल की. माझ्याकडे फक्त त्याचं लॅटिन नाव आहे. तेवढंच शिकले. ती माझ्या तोंडाकडे बघते आहे, आणि मी तिला